वज्रेश्वरी-अकलोली-गणेशपुरी : ज्येष्ठांना घेऊन एका दिवसात, नेमकं कसं करावं?

निशिगंधा_डोंबिवली

नमस्कार मंडळी. डिसेंबरात एक दिवस वज्रेश्वरी-गणेशपुरी करायचं आहे. डोंबिवली पश्चिमेहून स्वतःची गाडी. सोबत सासूबाई (वय ७१, दोन्ही गुडघ्यांची झीज, काठी वापरतात), सासरे (७४, रक्तदाबाच्या गोळ्या चालू, तीन वर्षांपूर्वी एक स्टेंट) आणि सात वर्षांचा मुलगा. सासूबाईंना गरम पाण्याच्या कुंडात बसायचंच आहे. मुख्य हेतू तोच, देवदर्शन नंतर.

धागे बरेच वाचले, पण "निसर्गरम्य परिसर, अवश्य भेट द्या" याच्या पलीकडे कोणी जात नाही. म्हणून नेमके प्रश्न :

कुठल्या गावातलं कुंड ज्येष्ठांना सोयीचं? पाणी खरंच किती गरम असतं आणि किती वेळ बसावं? स्वच्छतेबद्दल वाईटच जास्त ऐकलंय, ते कसं तपासायचं? स्टेंट असलेल्या माणसाने उतरावं का? कुठला वार टाळावा? आणि रस्ता कोणता, भिवंडीतून की घोडबंदरवरून?

---

तानसाकाठ

आधी भूगोल, कारण बरेच लोक "वज्रेश्वरीची कुंडं" म्हणतात आणि वज्रेश्वरीच्या देवळात जाऊन कुंड शोधत बसतात. वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी ही तिन्ही गावं भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या आसपास, दोन-तीन किलोमीटरच्या आत आहेत. देवीचं मोठं देऊळ वज्रेश्वरीत. लोक आंघोळीला जातात ती कुंडं मुख्यतः अकलोलीत, रामेश्वर महादेवाच्या देवळाशी आणि नदीकडेला, आणि गणेशपुरीत भीमेश्वर महादेवाच्या देवळाला लागून. आजूबाजूला, अगदी नदीच्या पात्रातही, आणखी लहान झरे आहेत, पण ज्येष्ठांना घेऊन तिकडे जाण्यात अर्थ नाही.

तुमच्या मंडळींसाठी गणेशपुरी. अकलोलीला गर्दी सहलीची असते. पोरं उड्या मारतात, पाणी ढवळलेलं, कडेला पाय ठेवायला जागा नाही. गणेशपुरीत येणारा माणूस बहुतेक भाविक, आंघोळ करून नित्यानंद स्वामींच्या समाधी मंदिरात जाणारा. त्यामुळे वावर शांत असतो आणि म्हाताऱ्या माणसाला लोक आपणहून जागा करून देतात. काठी टेकत उतरणाऱ्या माणसाला याचा फार फरक पडतो.

वार : सोमवारी महादेव, मंगळवार-शुक्रवारी देवी, गुरुवारी नित्यानंद स्वामींचे भक्त, रविवारी सगळी मुंबई. उरतो बुधवार. शनिवारही चालेल, पण सकाळी नऊच्या आत आंघोळ उरकणार असाल तरच. यात्रेचे दिवस म्हणजे नवरात्र, चैत्र अमावास्या (वज्रेश्वरीची मोठी जत्रा तेव्हाच), महाशिवरात्र, गुरुपौर्णिमा, श्रावणी सोमवार, शिवाय ८ ऑगस्ट. नित्यानंद स्वामी १९६१ साली त्या तारखेला समाधिस्थ झाले, म्हणून गणेशपुरीत पाय ठेवायला जागा नसते. डिसेंबरात यांपैकी काही नाही, पण नाताळ ते नववर्ष हा आठवडा टाळा. शाळांना सुट्ट्या असतात.

रस्ता. डोंबिवली पश्चिमेहून मोठागाव-माणकोली पूल धरा, माणकोली नाक्याला नाशिक महामार्ग, तिथून भिवंडीत नदीनाका आणि पुढे वाडा रस्ता. दुगाड फाटा मागे टाकून अंबाडी नाक्याला डावीकडे वळायचं. तिथून वज्रेश्वरी सहा-सात किलोमीटर. अडचण एकच : भिवंडीतली गोदामं. कंटेनर सुरू व्हायच्या आत, म्हणजे सातच्या आधी नदीनाका ओलांडलेला बरा. घरून सव्वापाचला निघालात तर गाडी कुठेही न तुंबता सातच्या सुमारास गणेशपुरीत. वाडा रस्त्याच्या खड्ड्यांची ख्याती तुम्हाला ठाऊक असेलच. सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवा, मागच्या सीटवर धक्के जास्त बसतात.

घोडबंदरचा रस्ता ठाणे-बोरिवलीकरांचा. फाउंटनवरून अहमदाबाद महामार्ग, शिरसाड फाट्याला उजवीकडे, मांडवी-पारोळ-उसगाव करत वज्रेश्वरी. डोंबिवलीहून तो वळसा आहे. फक्त परतताना भिवंडी पूर्ण तुंबली तर पर्याय म्हणून लक्षात असू द्या.

---

उनाडपाखरू

स्पष्ट सांगतो, सार्वजनिक कुंडात ज्येष्ठांना उतरवूच नका. त्वचेचे आजार असलेले लोक खास त्यासाठीच तिथे येतात, त्यांच्याबरोबर एकाच पाण्यात बसायचं? आसपास बऱ्याच लॉजमध्ये आणि रिसॉर्टमध्ये खोलीत कुंडाच्या पाण्याचे टब आहेत. दोन-तीन तासांसाठी खोली घ्या आणि निवांत बसा. प्रश्न मिटला.

---

खडकवाट

उनाडपाखरू, टबाने प्रश्न मिटत नाही, बदलतो. आधी पाण्याबद्दल थोडं सांगतो, म्हणजे कुंड आणि टब दोन्ही तपासता येतील.

इथे ज्वालामुखी नाही. दख्खनचा बेसाल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, त्याची मूळ ऊब केव्हाच संपली. पावसाचं पाणी खडकातल्या खोल भेगांतून खाली जातं, जमिनीच्या पोटातल्या नेहमीच्या उष्णतेने तापतं आणि एखाद्या भ्रंशाच्या, म्हणजे खडक सरकून पडलेल्या खोल चिरेच्या, वाटेने लवकर वर येतं. लवकर हे महत्त्वाचं. सावकाश आलं असतं तर वाटेतच निवलं असतं. दर किलोमीटर खोलीला तापमान साधारण २५-३० अंशांनी वाढतं असं धरलं, तरी हे पाणी निदान एक किलोमीटर खाली जाऊन आलेलं असणार. पाण्यातल्या क्षारांवरून काढलेले अंदाज त्याहून खोल, शंभर अंशांच्या पुढच्या साठ्याकडे बोट दाखवतात. पालघरच्या कोकनेरपासून राजापूरपर्यंत कोकणात अशा झऱ्यांची रांगच आहे : सातिवली, हे तुमचं गणेशपुरी-अकलोली, पालीजवळचं उन्हेरे, पुढे उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी. तापमान ३४ पासून ७१ अंशांपर्यंत. गणेशपुरी-अकलोली उगमाशी पन्नासच्या आगेमागे. म्हणजे थेट उगमाचं पाणी माणसाने बसायचं पाणी नव्हे.

पाण्यात मुख्य क्षार सोडियम-कॅल्शियमचे क्लोराइड. चव किंचित मचूळ लागते. "गंधकाचं पाणी" असं सगळे म्हणतात, पण गंधकाचा अंश त्या मानाने थोडा. बुडबुडे दिसले म्हणून पाणी उकळतंय असं समजू नका, तो बहुतांशी नायट्रोजन असतो.

आता स्वच्छता. कुंडाचं पाणी दिसायला कसं आहे यावर जाऊ नका. हिरवट झाक शेवाळाची असू शकते आणि नितळ पाणीही घाण असू शकतं. विचारायचं ते हे, की पाणी किती वेळात बदलतं. ज्या तोंडातून जादा पाणी बाहेर पडतं तिथे एक लिटरची बाटली धरा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. बाटली दोन सेकंदांत भरली तर मिनिटाला ३० लिटर. समजा कुंड ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १ मीटर खोल. पाणी ९,००० लिटर. मिनिटाला ३० लिटरने ते एकदा बदलायला पाच तास लागतात, आणि नवं पाणी जुन्यात मिसळतच येत असल्यामुळे खरं तर त्याहून जास्त. म्हणून पहाटेचं कुंड आणि दुपारी बाराचं कुंड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रात्रभर कोणी उतरलेलं नसतं आणि झरा वाहतच असतो. तानसाकाठ यांनी सातची वेळ सांगितली ती रहदारीसाठी, पण पाण्यासाठीही तीच बरोबर. बाहेर जाणारी धार अगदी बारीक असेल किंवा नसेलच, तर त्या कुंडात उतरू नये, सकाळ असो की संध्याकाळ.

टबाचं गणित वेगळं. ५० अंशांचं पाणी २७ अंशांच्या साध्या पाण्यात मिसळून ३९ वर आणायचं तर जवळजवळ अर्धं-अर्धं लागतं. म्हणजे ३०० लिटरच्या टबात दीडशे लिटर बोअरचं किंवा टँकरचं पाणी. नुसतं ठेवून निववायचं म्हटलं तर तास-दीड तास जातो, तेवढा वेळ तासावर खोली देणारा कशाला थांबेल? म्हणून खोली घेण्याआधी तीन गोष्टी विचारा : पाणी झऱ्यावरून पाइपने येतं की टँकरने, निववतात कसं, आणि आधीच्या माणसानंतर टब पूर्ण रिकामा करून घासतात का. शेवटचं उत्तर ऐकून समाधान मानू नका, टब डोळ्यांसमोर रिकामा भरायला लावा. भरताना नळाला हात लावून बघा. धार आधी गार आणि मग एकदम कढत झाली, तर भिंतीपलीकडे गिझर असू शकतो.

---

उनाडपाखरू

गिझरचा मुद्दा मान्य. पण त्वचारोगाचं काय? त्यावर कोणी बोललं नाही.

---

नाडीपरीक्षा

त्यावर आणि स्टेंटवर, दोन्हींवर लिहितो.

त्वचा : खरूज, गजकर्ण यांचा धोका पाण्यापेक्षा टॉवेल, बसायची ओली पायरी आणि उसनी चप्पल यांतून जास्त. स्वतःचा टॉवेल, स्वतःची बसायची रबरी चटई आणि बाहेर आल्यावर घरून आणलेल्या साध्या पाण्याने एकदा अंग खंगाळणं. बोटांच्या बेचक्या आणि जांघा कोरड्या करणं. एवढं पुरतं. ज्यांच्या स्वतःच्या अंगावर उघडी जखम, चिरलेल्या टाचा किंवा मधुमेहाचा व्रण आहे त्यांनी मात्र उतरू नये.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे नाकात जाणारं पाणी. कोमट-गरम गोड्या पाण्यात क्वचित एक अमीबा असतो, तो नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचला तर वाचणं कठीण. केरळात अलीकडच्या वर्षांत असे रुग्ण सापडले आहेत. शक्यता फार कमी, पण टाळणं अगदी सोपं : डोकं बुडवायचं नाही. डुबकीचं पुण्य हवं असेल तर मान पुढे झुकवून तांब्याने डोक्यावरून पाणी घ्या, म्हणजे ओघळ नाकात जात नाही. मुलाला हे आधीच बजावून ठेवा. सात वर्षांचं मूल पाण्यात गेलं की पहिली गोष्ट डोकं बुडवण्याचीच करतं.

आता तापमान. बाळाच्या आंघोळीचा तरंगता थर्मामीटर मिळतो, तो न्या. सासूबाईंच्या गुडघ्यांना ३८ ते ४० अंश उत्तम. ४१-४२ ला तरुण निरोगी माणसाने पाच-सात मिनिटं. त्यापुढे कोणीच नाही. थर्मामीटर नसेल तर कोपर बुडवा, तळहात नको. तळहाताची कातडी जाड असते, ती फसवते. मधुमेहामुळे पायांची जाणीव कमी झालेल्या माणसाने तर पाय घालून पाणी तपासूच नये. भाजतं आणि कळत नाही.

क्रम असा ठेवा. निघण्याआधी हलकं खाणं, रिकामं पोट नको आणि भरलेलंही नको. उतरण्याच्या अर्धा तास आधी दोन पेले पाणी. काठावर बसून तांब्याने आधी पायांवर, मग गुडघ्यांवर, मग खांद्यांवर पाणी. मग पायरीवर बसून कमरेपर्यंत. गळ्यापर्यंत बुडून बसायचं नाही. पाण्याच्या दाबाने पाया-पोटातलं रक्त छातीकडे ढकललं जातं आणि हृदयावर काम वाढतं. कमरेइतक्या पाण्यात गुडघ्यांना शेक तेवढाच मिळतो. आठ-दहा मिनिटं, बाहेर येऊन दहा मिनिटं बसणं, वाटल्यास आणखी एकदा आठ मिनिटं. बस.

चक्कर पाण्यातही येऊ शकते, पण बहुतेकदा बाहेर पडताना येते. उष्णतेने रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात, त्यात रक्तदाबाच्या गोळीचा असर, आणि माणूस झटकन उभा राहतो. म्हणून आधी काठावर बसवा, दोन मिनिटं पाय हलवू द्या, मग उभं करा. एकाने समोर आणि एकाने मागे राहावं, शेजारी नाही. ओल्या दगडावर माणूस बहुतेकदा पुढे किंवा मागे जातो.

सासऱ्यांबद्दल : त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नाही. हे हात झटकणं नव्हे. तीन वर्षांपूर्वीचा एक स्टेंट आणि चालताना त्रास नाही, एवढंच असेल तर बरेचदा माफक परवानगी मिळते, पण हृदयाची ताकद किती टक्के आहे हे त्यांच्या फाइलमध्ये आहे, माझ्यासमोर नाही. परवानगी मिळाली तरी कमरेपर्यंत, ३९ अंशांच्या आत, पाच मिनिटं. छातीत दुखून सॉर्बिट्रेट घ्यावी लागली त्या दिवशी कुंड नाही, कारण दोन्हींनी मिळून रक्तदाब फार उतरतो. परवानगी नसेल तर पायस्नान : बादलीत ४० अंशांचं पाणी, पोटऱ्या बुडतील एवढं, १५ मिनिटं, खुर्चीवर बसून. त्यात सुखाचा बराचसा भाग मिळतोच.

सासूबाईंना गुडघ्यावर बाम लावायची सवय असेल तर त्या सकाळी लावू नका, गरम पाण्यात त्याची आग होते. वेदनाशामक औषधी पट्टी चिकटवलेली असेल तर तीही काढा, उष्णतेने औषध वेगाने अंगात जातं. आणि गुडघा त्या दिवशी लाल, सुजलेला, हाताला गरम लागत असेल तर शेक नकोच. झिजेच्या ठणक्याला उष्णता मानवते, सुजेच्या उसळीला नाही. कुंडाने गुडघा बरा होतो असं कोणी सांगितलं तर मान डोलवा आणि पुढे चला. दिवसभराचा आराम मिळतो, स्नायू सैलावतात, आणि पाण्यात वजन हलकं झाल्याने पाय थोडा जास्त वाकतो. झीज तिथेच राहते.

---

निशिगंधा_डोंबिवली

फार फार आभार, इतकं नेमकं कुठेच मिळालं नव्हतं. गणेशपुरी, बुधवार, सातपर्यंत पोहोचणं, हे ठरलं. सासऱ्यांच्या डॉक्टरांना पुढच्या आठवड्यात विचारते. अजून काही बारीकसारीक : कपडे काय घालायचे? साडी चालते का? बायकांसाठी वेगळी सोय असते का? आणि वज्रेश्वरीच्या देवळाला पायऱ्या आहेत म्हणे, त्या आंघोळीच्या आधी कराव्यात की नंतर?

---

तानसाकाठ

निशिगंधाताई, बायकांसाठी आडोसा करून वेगळं कुंड किंवा वेगळी बाजू असते, पण कपडे बदलायची जागा अरुंद आणि ओली असते. खुंटीचा भरवसा धरू नका. एक मोठी प्लास्टिकची पिशवी न्या, तिच्यातच कोरडे कपडे ठेवा आणि बदलताना तीच पायाखाली घ्या.

साडी नको. भिजली की जड होते आणि पायरीवर निऱ्या पायात येतात. काठी धरून चढणाऱ्या बाईसाठी तर नकोच. गाऊनही एकटा नको, तो पाण्यात फुगून वर येतो. जुनी सुती सलवार-कमीज सगळ्यांत बरी, पुढे बटणं असलेली असेल तर ओल्या अंगावरून काढायला सोपी. पांढरा रंग टाळा. पायात मागे पट्टा असलेली रबरी सँडल. अंगठ्याची झिजलेली स्लीपर शेवाळावर घसरते. काठीच्या टोकाचा रबरी बूट गुळगुळीत झाला असेल तर आदल्या दिवशी बदला. औषधाच्या दुकानात मिळतो, फक्त काठीच्या जाडीचा घ्या.

साबण, शाम्पू, तेल, उटणं कुंडात नाही. पूजेची फुलं-नारळही पाण्यात सोडू नका. अकलोलीच्या कुंडांची रया निम्मी यानेच गेली आहे.

पाणी जिथून कुंडात येतं ती बाजू सगळ्यांत गरम. सासूबाईंना त्याच्या समोरच्या कोपऱ्यात बसवा. तीन कुंडं शेजारी असली की तिन्हींचं तापमान वेगळं असतं, आणि कुठलं सोसण्याजोगं आहे ते त्या दिवशी थर्मामीटरच सांगेल. अकलोलीत अग्नी, सूर्य, चंद्र, वायू अशी कुंडांची नावं आहेत, त्यावरून अंदाज बांधू नका. चंद्र आहे म्हणून गार असेल असं नाही.

वज्रेश्वरीच्या पायऱ्या ५२. आंघोळीनंतर निदान एक तासाने. लगेच चढायला घेतलं तर उष्णतेने उतरलेला रक्तदाब आणि चढण एकत्र येतात, आणि आधी चढल्या तर दुखऱ्या गुडघ्यांनी कुंडाच्या पायऱ्या उतराव्या लागतात. तो तास गणेशपुरीतच काढा. समाधी मंदिराचं दर्शन सपाटीवर आहे. नंतर न्याहारी. तिथे इडली-डोसा चांगला मिळतो, कारण नित्यानंद स्वामींच्या भक्तांत कर्नाटक-केरळकडचे लोक पिढ्यान्‌पिढ्या येत आहेत. गुरुदेव सिद्धपीठाचा आश्रम रस्त्यावरूनच दिसतो, पण तिथे वाटेवरच्या पाहुण्याला सहज आत सोडत नाहीत. गेटवर वाद घालत वेळ दवडू नका.

मग साडेदहाला वज्रेश्वरी. सासूबाई ५२ पायऱ्या चढणार असतील तर चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी, काठी नेहमी दुखऱ्या पायाबरोबर. दोन्ही गुडघे सारखेच असतील तर कठडा धरून एकेका पायरीवर दोन्ही पाय. जमत नसेल तर खालून नगारखाना आणि तटबंदी बघून हात जोडायचे. देवळाला किल्ल्याचा तोंडवळा आहे तो उगाच नाही. वसईच्या मोहिमेआधी चिमाजी अप्पांनी देवीला नवस बोलला होता आणि १७३९ मध्ये वसई पडल्यावर हे देऊळ उभं राहिलं. पायऱ्यांवर सोनेरी कासव आहे, ते मुलाला दाखवा. त्यावर पाय पडू देऊ नका.

बारापर्यंत परतीला लागा.

---

खडकवाट

एक भर, या धाग्यावर पुढे पावसाळ्यात कोणी आलं तर. कुंडाला खालून येणारं पाणी पावसाने फारसं बदलत नाही, पण वरचं उथळ भूजल त्यात मिसळतं, त्यामुळे तापमान उतरतं आणि गढूळपणा येतो. खरा धोका नदीचा. तानसा धरण वरच्या अंगाला आहे, मुंबईला पाणी पुरवतं, आणि भरून वाहू लागलं की नदीकडेची कुंडं पाण्याखाली जातात. पाणी चढतं तेव्हा इथे ऊनही पडलेलं असू शकतं, कारण पाऊस वर झालेला असतो. बातमी वाचताना नाव नीट बघा. मोडकसागर वैतरणेवर आहे. गणेशपुरी-अकलोलीसाठी तानसा भरलं का ते बघायचं. आणि कुठल्याही ऋतूत पात्रात उतरून पोहणं नको. वरून संथ दिसतं, खाली खडकात डोह आहेत.

---

उनाडपाखरू

गाडी नसलेल्यांसाठी : भिवंडी, वसई-विरार, ठाणे, कल्याणकडून एसटी आहे. थेट गाडी मिळाली नाही तर अंबाडी नाक्यापर्यंत वाड्याकडे जाणारी कुठलीही एसटी आणि तिथून शेअर रिक्षा. वेळा बदलत असतात, आदल्या दिवशी आगारातच विचारा. गणेशपुरीहून संध्याकाळी रिक्षा पातळ होतात, पाचच्या आत अंबाडी नाका गाठा.

आणि खोलीबद्दल माझं म्हणणं थोडं सुधारून घेतो : सासऱ्यांना कुंडाची परवानगी नाहीच मिळाली तर दोन तासांची खोली घ्या, टबासाठी नाही, पायस्नानाला खुर्ची-बादली, कपडे बदलायला कोरडी जागा आणि सासूबाईंना आडवं व्हायला पलंग म्हणून.

---

नाडीपरीक्षा

+१, खोलीचा उपयोग तोच. खोलीतली बादली असली तरी पाणी थर्मामीटरनेच बघा.

प्यायला माणशी दीड लिटर पाणी न्या. रक्तदाबाच्या माणसाला मिठाचं सरबत किंवा ओआरएस घाम आला म्हणून देऊ नका, साधं पाणी किंवा बिनमिठाचं ताक. सकाळची रक्तदाबाची गोळी चुकवायची की नाही हे डॉक्टरच सांगतील, स्वतः ठरवू नका. मुलाला पाच मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका. लहान शरीर लवकर तापतं आणि मजा चालू असताना ते सांगत नाही. गाल लालबुंद झाले की बाहेर. कुंडाची खोली त्याच्या छातीच्या वर असेल तर एका मोठ्या माणसाने फक्त त्याच्याकडे बघायचं, मोबाइल वर पिशवीत.

---

निशिगंधा_डोंबिवली

लिहून घेतलं सगळं. एकच राहिलं : सासूबाई जोडवी काढत नाहीत. चांदी काळी पडते म्हणतात, खरं का?

---

खडकवाट

पडू शकते, थोड्या गंधकानेही चांदीवर करडा-काळा थर येतो. चांदी खराब होत नाही, थर वरवरचा असतो. घरी भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथरा, त्यावर जोडवी ठेवा, चमचाभर खाण्याचा सोडा आणि कढत पाणी. पाच मिनिटांत उतरतो. खडे किंवा मीनाकाम असेल तर हे करू नका, मऊ फडक्याने हलकेच पुसा.

---

नाडीपरीक्षा

काळं पडण्यापेक्षा दुसरंच बघा. गरम पाण्यात पाय सुजतात आणि घट्ट जोडवं बोटात रुतून बसतं. काढत नसतील तर आदल्या रात्री बोटाला थोडं खोबरेल लावून ते फिरतंय का एवढं तपासा. फिरत नसेल तर सोनाराकडून आधीच सैल करून घ्या. सुजलेल्या बोटातून ते बरेचदा कापूनच काढावं लागतं.